क्रिस्टल निवडणारी चौकडी

चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं एकच काम करत बसली की बोलायचे विषय सहा महिन्यांत संपतात. मग जे घडलंय तेच पुन्हा सांगायचं. सांगताना एकजण दोन शब्द वाढवतो, दुसरा ते खोडतो, तिसरा म्हणतो, अहो, तेव्हा तिथं मी होतो, तुम्ही रजेवर होता. असं होत होत किस्से साचत जातात. आमच्याकडं तर इतके साचलेत, की दिवाळीत आमची जुनी मंडळी फराळाला आली की माझा नवरा आधीच चपला घालून बाहेर पडतो.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचं छोटंसं युनिट होतं. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही ऑसिलेटर बनवायचो. ऑसिलेटर म्हणजे यंत्राला ठेका धरून देणारं सर्किट. वायरलेस सेट असो की घड्याळ, आतला ठेका चुकला की सगळं चुकतं. हा ठेका धरतो क्वार्ट्झचा क्रिस्टल. गारगोटीच्या जातीच्या दगडाची पातळ चकती, नखाएवढ्या धातूच्या डबीत बसवलेली. वीज लावली की ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते. डबीवर आकडा छापलेला असतो, पण शंभर डब्यांवर एकच आकडा असला तरी शंभरांचे स्वभाव शंभर. एक उन्हानं बिथरतो, एक थंडीनं, एक उगाचच. त्यातले भरवशाचे निवडून काढायचे, हे आमचं काम.

मालक काळे सर. आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे, त्यामुळं साधं पाणी मागतानाही फळ्याकडं बघायचे. टेस्टिंगचे प्रमुख हबीबभाई, औरंगपुऱ्यात वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करून आलेले. तिसरे भुसारे, देवगाव रंगारीचे, सरांचेच जुने विद्यार्थी. आणि चौथी मी, सुनंदा, डिप्लोमा करून नुकतीच लागलेली.

*

माझ्या पहिल्याच दिवशी हबीबभाईंनी शंभर क्रिस्टल पुढं ठेवले आणि त्यातले दहा चांगले काढ म्हणून सांगितलं. मला ते फारच सोपं वाटलं. एकेक क्रिस्टल सर्किटला लावला, काउंटरवर, म्हणजे ठेके मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा वाचला आणि छापलेल्या आकड्याशी जे तंतोतंत जुळले ते दहा बाजूला काढले. जेवायच्या सुट्टीच्या आत काम फत्ते. हबीबभाईंनी शाबासकी दिली नाही की चूकही काढली नाही. शंभरच्या शंभर सर्किटला लावून चालू ठेव म्हणाले.

पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायला लावलं. माझ्या दहांतले नऊ जागचे हलले होते. नवा क्रिस्टल सुरुवातीला थोडा सरकतोच, हे पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकातलं आपल्या टेबलावर घडेल असं वाटलं नव्हतं. मग हबीबभाईंनी मी नापास केलेल्यांतला एक उचलला. तो पहिल्या दिवशी जेवढा चुकला होता, तेवढाच आजही चुकत होता.

"हा घ्यायचा," ते म्हणाले. "चुकलाय, पण रोज तेवढाच चुकतोय. त्याची चूक सर्किटमध्ये भरून काढता येते. जो रोज वेगळं बोलतो त्याचं काय करणार, बेटा?"

हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असं मी जरा रागानंच विचारलं. ते म्हणाले, पहिल्या दिवशी सगळेच बरोबर असतात, माणसाचंही पंधरा दिवसांनीच बघायचं असतं. मग त्यांनी हजेरीची वही ओढली. माझ्या नावापुढं बोट फिरवलं.

"रोज दहा मिनिटं उशीर. रोज तेवढाच. चालेल."

*

क्रिस्टल उन्हात आणि थंडीत कसा वागतो हे तपासायला एक कपाट मिळतं. आत हवं ते तापमान ठेवता येतं. आमच्याकडं ते कपाट यायचं होतं. वर्षभर यायचंच होतं. तोवर ती जबाबदारी भुसारेंनी घेतली. थंडीसाठी त्यांनी गुलमंडीवरून बर्फ आणून पत्र्याच्या ट्रंकेत भरला. गरमीसाठी शेडच्या पत्र्याखाली लाकडी माळा होता, तिथं क्रिस्टल ठेवले आणि तारा खाली काउंटरपर्यंत सोडल्या. मे महिन्यात दुपारी माळ्यावर पन्नासच्या वर पारा जायचा. कपाटानं त्याहून वेगळं काय केलं असतं?

एकदा पुण्याहून एका गिऱ्हाइकाचे तपासनीस आले. सफारी सूट, हातात फाईल. त्यांनी सगळं बघितलं आणि हॉट चेंबर कुठं आहे ते विचारलं. काळे सरांचा चेहरा उतरला. भुसारे मात्र पुढं होऊन अदबीनं म्हणाले, "वर हाय साहेब. या ना, दाखवतो."

साहेब शिडीनं माळ्यावर चढले. मागून भुसारे. माळ्यावर उभं राहायला जागा नव्हती, त्यामुळं साहेब उकिडवे बसले, आणि भुसारेंनी त्यांना पहिल्या क्रिस्टलपासून माहिती द्यायला सुरुवात केली. आम्ही खालून ऐकत होतो. सावकाश, अगदी सविस्तर माहिती. पाचव्या मिनिटाला साहेब खाली उतरले ते थेट माठापाशी गेले. दोन तांबे पाणी प्यायले, तिसरा डोक्यावर ओतला आणि उभ्याउभ्याच फाईलवर सही केली.

भुसारे शिडीवरूनच म्हणाले, "साहेब, अजून नव्वद क्रिस्टल बघायचे राह्यले की."

*

काळे सरांना मधूनच स्वतःच्या हातानं सर्किट बांधायची हुक्की यायची. एकदा त्यांनी सत्तावीस मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेऊन एक ऑसिलेटर जोडला आणि तो चालू केला. काउंटरवर आकडा आला नऊ.

सरांनी आधी काउंटरवर संशय घेतला. मग तारेवर, मग सोल्डरिंगवर, मग माझ्यावर. दोन तास ते झगडत होते. हबीबभाईंना केव्हाच कळलं होतं, पण मालकाची चूक मालकालाच सापडू द्यावी असं त्यांचं मत होतं. काही क्रिस्टल असे असतात की त्यांच्यावर छापलेला आकडा मूळच्या ठेक्याच्या तिप्पट असतो. ती तिप्पट हवी असेल तर सर्किटमध्ये एक कॉइल घालावी लागते. कॉइल नसली तर क्रिस्टल आपला मूळ ठेका धरून बसतो. सरांनी कॉइल घातली नव्हती.

शेवटी भुसारे उठले. सरांच्या टेबलाशी जाऊन जरा घुटमळले. त्यांच्या हातात कॉइल होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

"सर, दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मी ही कॉइल काढायची इसरलो होतो. तुम्ही माझे पाच मार्क कापले होते."

सरांनी कॉइल लावली, सत्तावीस आले, सर घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा फळ्यावर सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: भुसारे, अधिक पाच.

*

हबीबभाईंच्या ड्रॉवरमध्ये जुन्या जमान्यातले काही क्रिस्टल होते, लष्कराच्या भंगारातून आलेले. त्यांच्या डब्या स्क्रूनं उघडता यायच्या. आतली चकती काढून काचेवर पाण्यात कालवलेल्या दातांच्या पावडरीनं घासली की आकडा वाढायचा. जास्त घासली गेली तर चकतीवर पेन्सिलीनं दोन रेघा मारायच्या. शिशाच्या वजनानं ठेका किंचित जड होतो, आकडा उतरतो. पुन्हा डबी बंद. हा उद्योग ते रिकाम्या वेळात करायचे, दुसरं कुणी पान खावं तसा.

एकदा मुंबईच्या एका कंपनीचा विक्रेता आला. टाय लावलेला, तरुण, बोलायला थांबतच नव्हता. परदेशी क्रिस्टल, परदेशी प्रक्रिया, आमच्यासारख्यांनी असले आकडे स्वप्नातही बघितले नसतील, वगैरे वगैरे. हबीबभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला जुना क्रिस्टल सर्किटला लावून काउंटर त्याच्याकडं वळवला. आकडा हवा होता तिथं, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. विक्रेता चाट पडला. एवढा अचूक आकडा कसा बसवला, असं त्यानं विचारलं.

"एच.बी. प्रोसेस," हबीबभाई म्हणाले.

त्यानं डायरी काढून लिहून घेतलं. एच.बी. म्हणजे काय, जर्मन का, असं विचारलं. हबीबभाईंनी कानावरची पेन्सिल काढून त्याच्या डायरीत शुद्धलेखन तपासलं, एच आणि बीच्या मधलं राहिलेलं टिंब दिलं आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. पेन्सिलीवर सोनेरी अक्षरात एच.बी. छापलेलं होतं. तो बघत राहिला असता तर त्याला दिसलं असतं, पण त्याला टायची गाठ नीट करायची होती.

दोन महिन्यांनी त्या कंपनीच्या हेड ऑफिसचं पत्र आलं. एच.बी. प्रोसेसचं माहितीपत्रक पाठवावं, अशी विनंती होती. ते पत्र काळे सरांनी उघडलं आणि हबीबभाईंना विचारलं, हे एच.बी. काय प्रकरण आहे?

हबीबभाई म्हणाले, "हबीब, सर."

*

या चौकडीनं एकदा एका निरपराध माणसाला पुरतं छळलं, तेही सांगायला हवं. पुण्याचा एक पुरवठादार होता, म्हातारा, सज्जन. त्याच्याकडून आलेल्या क्रिस्टलांची पेटी उघडली तर सगळे थोडे थोडे चुकलेले. काळे सरांनी कडक पत्र लिहून पेटी परत पाठवली. त्यानं ती तपासून, माल बरोबर आहे असं लिहून पुन्हा आमच्याकडं पाठवली. आम्ही पुन्हा मोजले, पुन्हा चुकलेले. सरांनी आणखी कडक पत्र लिहिलं. त्यात 'विश्वासघात' हा शब्द होता.

गोम माझ्या लक्षात आली ती निव्वळ आळसामुळं. सकाळी नापास केलेले क्रिस्टल मी नोंदवायचे ठेवून दिले आणि दुपारनंतर पुन्हा मोजायला घेतले, तर सगळे पास. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी नापास, दुपारी पास. भुसारे म्हणाले, जेवण झाल्यावर माणूससुद्धा बरा वागतो.

हबीबभाई हसले नाहीत. त्यांनी रेडिओ लावला. तेव्हा दिल्लीहून वेळेचा सिग्नल यायचा, त्याच्याशी त्यांनी काउंटर ताडून बघितला. काउंटरच सकाळी चुकीचं मोजत होता. त्याच्या पोटातही एक क्रिस्टलच असतो आणि तो सतत उबेत ठेवावा लागतो, म्हणून काउंटर कधी बंद करायचा नसतो. शेड बंद करायची किल्ली त्याच महिन्यात भुसारेंकडं आली होती. आणि भुसारे रोज संध्याकाळी निघताना, चांगल्या घरातल्या माणसासारखे, सगळी बटणं बंद करून जात होते.

माफीचं पत्र लिहायला सरांना तीन दिवस लागले. विश्वासघात हा शब्द मागं कसा घ्यायचा, हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी जे झालं ते भुसारेंच्या नावासकट सरळ लिहून टाकलं. आठवड्यानं म्हाताऱ्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती.

"काळजी नसावी, आमच्याकडेही एक भुसारे आहे."

*

भुसारेंचं लग्न बिडकीनच्या एका मंगल कार्यालयात झालं. त्या कार्यालयाच्या मालकाला काळे सरांनी आधीच्या वर्षी एक मोठं इलेक्ट्रॉनिक घड्याळ भेट दिलेलं होतं, आमच्याच शेडमध्ये बनवलेलं. लाल आकड्यांचं ते घड्याळ स्टेजच्या वर लावलेलं होतं आणि सर लग्नात जेवणापेक्षा त्याच्याकडंच जास्त बघत होते.

मुहूर्त जवळ आला. भटजींच्या मनगटावरचं घड्याळ म्हणत होतं वेळ झाली. स्टेजवरचं म्हणत होतं अजून तीन मिनिटं आहेत. मुलीच्या मामांनी भटजींची बाजू घेतली. मुलाचे काका म्हणाले, ते मोठं घड्याळ फॅक्टरीतलं आहे, ते चुकायचं नाही. मामा म्हणाले, भटजींनी बारा वर्षं लग्नं लावलीत, ते चुकतील का? आवाज वाढायला लागले. मंगलाष्टकं थांबली. अक्षता हातात घेऊन पाचशे माणसं उभी.

तेवढ्यात अंतरपाटाच्या वरून मुंडावळ्या बांधलेलं डोकं बाहेर आलं.

"काका, भटजींचं बरोबर हाय," भुसारे म्हणाले. "त्या मोठ्या घड्याळातला क्रिस्टल मीच निवडलाय."

तरी काका ऐकेनात. शेवटी काळे सरांनीच हबीबभाईंचं नाव सुचवलं आणि सगळ्यांचे डोळे हबीबभाईंकडं वळले. रेडिओवरच्या वेळेशी रोज सकाळी घड्याळ जुळवणारा सबंध मंडपात तो एकच माणूस होता. हबीबभाई तिसऱ्या रांगेत शेरवानी घालून बसले होते. ते उठले, मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि हात वर केला. सगळा मंडप गप्प. मग त्यांनी हात खाली केला आणि अक्षता पडल्या.

भुसारेवहिनी अजून सांगतात, आमचा मुहूर्त हबीबभाईंनी काढला. आणि त्यांच्या घरात आजही किल्लीचं घड्याळ आहे.

*

आता शेवटचं, चाळीस क्रिस्टलांचं.

गोदावरीच्या काठानं पुराची खबर देणारे वायरलेस सेट बसणार होते. पाणी चढायला लागलं की काठावरच्या माणसानं सेटवरून खालच्या गावांना कळवायचं. त्या सेटांचे चाळीस ऑसिलेटर आमच्याकडं होते. एवढं महत्त्वाचं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. हबीबभाईंनी दोनशे क्रिस्टल तीन महिने चालवून, बर्फात आणि माळ्यावर घालून, त्यातले चाळीस निवडले आणि एका निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओळीनं लावून ठेवले.

आमच्याकडं एक नियम होता. हातातून पडलेला क्रिस्टल वापरायचा नाही. बाहेरून काही दिसत नाही, आकडाही बरोबर येतो, पण आतल्या चकतीला केसासारखी चीर गेलेली असली तर तो दोन-तीन महिन्यांनी कधीतरी अचानक गप्प होतो. आणि तीन महिन्यांनी नदीला पाणी असणार होतं.

माल द्यायला चार दिवस राहिले होते. दुपारी सगळे जेवायला बसले असताना ट्रे उचलायला मी गेले आणि तो माझ्या हातून सटकला. चाळीसच्या चाळीस फरशीवर. मी खाली बसून एकेक गोळा केला, क्रमानं लावला, कुणी यायच्या आत सगळे मोजले. सगळे बरोबर होते. मी ट्रे जागेवर ठेवला आणि कुणालाही काही बोलले नाही.

घरी गेले, पण कुठल्यातरी गावात कुणीतरी सेटचं बटण दाबतंय आणि पलीकडं काहीच ऐकू जात नाही, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. सकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच दहा मिनिटं आधी, मी हबीबभाईंच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं. सांगताना रडले.

हबीबभाईंनी रुमाल पुढं केला. काळे सरांची स्कूटर शेडसमोर थांबली तसे ते उठले, ट्रे दोन्ही हातांत घेतला, आणि सर दारातून आत आले त्याच क्षणी तो सोडून दिला. चाळीस क्रिस्टल सरांच्या बुटांपर्यंत घरंगळत गेले.

"माफ करा सर," ते म्हणाले. "उम्र झाली. हात थरथरतात."

सरांनी खाली बघितलं, हबीबभाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी वाकून एक क्रिस्टल उचलला, निळ्या ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम. पुन्हा निवडा."

उरलेल्या एकशे साठांच्या नोंदी वहीत होत्या. आम्ही चौघं त्यावर तुटून पडलो. सर स्वतः माळ्यावर चढले, भुसारेंनी बर्फाच्या चार खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सदतीस जमले. तीन कमी पडत होते. तेव्हा सर ऑफिसमध्ये गेले आणि पाहुण्यांना दाखवायला काचेच्या कपाटात ठेवलेले याच ऑसिलेटरचे मंजूर झालेले तीन नमुने घेऊन आले. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी ते स्वतः उघडले आणि आतले क्रिस्टल काढून दिले. रिकामे खोके पुन्हा कपाटात. पुढं कित्येक वर्षं पाहुणे त्यांचं कौतुक करत होते.

माल वेळेवर गेला. त्या पावसाळ्यात नदी दोनदा चढली आणि दोन्ही वेळा सगळे सेट बोलले. आमच्या शेडमध्ये सरांनी पेढे वाटले.

ही गोष्ट मी पंधरा वर्षं पोटात ठेवली. हबीबभाईंच्या निरोपाच्या दिवशी मात्र राहवलं नाही. चहा चालला होता, सगळ्यांची भाषणं झाली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं, की तो ट्रे हबीबभाईंच्या हातून पडलाच नव्हता, आदल्या दुपारी माझ्या हातून पडला होता, आणि त्यांनी तो माझ्यासाठी पाडला.  हबीबभाई मान खाली घालून बसले होते.

बघते तर भुसारेंचा चेहरा पांढरा पडलेला.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या आधी सोमवारी तो माझ्या हातून पडला होता. मी गुपचूप भरून ठेवला."

कुणालाच हसावं की काय ते कळेना. काळे सर एकटेच बशीत बघत चहा निववत होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं,

"निळा ट्रे ना?"